डेंगी रेप्लिकॉनची प्रकाश-चाचणी बसवताना: प्रकल्प नोंदी, जानेवारी ते जुलै २०२५

१० जानेवारी

सहयोगी प्रयोगशाळेकडून पेशी आल्या. कोरड्या बर्फात दोन व्हायल. एकीत डेंगी-२ चा रेप्लिकॉन बाळगणाऱ्या हुह-७ पेशी (माणसाच्या यकृताच्या कर्करोगातून वाढवलेल्या), दुसरीत त्याच पेशी पण रेप्लिकॉनशिवाय. दुसरी व्हायल मुद्दाम मागून घेतली होती. ती नसेल तर पार्श्वभूमीचा आकडा कशावरून काढणार?

नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी एवढंच: डेंगीचा जीनोम साधारण १०,७०० अक्षरांचा आरएनए. त्यातली कवचाची जनुकं काढून तिथे रेनिला ल्युसिफरेज (प्रकाश देणारं एन्झाइम) आणि प्युरोमायसिन या पेशी मारणाऱ्या औषधाला रोध देणारं जनुक बसवलेलं आहे. हाच रेप्लिकॉन. आरएनए पेशीत स्वतःच्या प्रती काढत राहतो, पण कवचच नसल्यामुळे विषाणूचा कण तयार होत नाही आणि संसर्ग पसरत नाही. प्रती जितक्या जास्त तितकं ल्युसिफरेज जास्त, म्हणजे प्रकाश जास्त. आमच्याकडे जिवंत डेंगी हाताळायची सोय नाही, म्हणून हा मार्ग. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी आधीच घेऊन ठेवली होती. ती कागदपत्रं पेशी यायच्या आत पूर्ण करा, नंतर नको.

याची मर्यादा पहिल्याच पानावर लिहून ठेवते. विषाणूला पेशीत शिरू न देणारं किंवा नवे कण जुळू न देणारं औषध या चाचणीत कधीच दिसणार नाही. दिसेल ते फक्त मधल्या टप्प्याचं, म्हणजे आरएनएच्या प्रती आणि प्रथिनं बनण्याचं. हेपटायटिस सी मध्ये याच मधल्या टप्प्यावर मोठं काम झालं. १९९९ साली जर्मनीत लोमान, बार्टनश्लागर आणि सहकाऱ्यांनी हुह-७ पेशींतच त्याचा रेप्लिकॉन चालवून दाखवला, आणि पुढे डॅक्लाटासविरसारखं औषध रेप्लिकॉनवरच्या चाळणीतून (खूप संयुगं ओळीने तपासण्यातून) सापडलं. आमच्या पदरात रसायनशास्त्र विभागाने दिलेले वनस्पतींचे अर्क आणि काही शुद्ध संयुगं आहेत. स्वप्नं बेताची.

२४ जानेवारी

पेशी वाढल्या, पण मायकोप्लाझ्माच्या (पेशींच्या वाढीत लपून राहणाऱ्या अतिसूक्ष्म जिवाणूच्या) पीसीआरने घोळ दाखवला. आलेल्या दोन्ही व्हायल स्वच्छ. आमच्याच इन्क्युबेटरमधली एक जुनी लाइन दूषित निघाली. ती ऑटोक्लेव्ह करून टाकली, इन्क्युबेटर रिकामा करून पुसला, पाण्याचा ट्रे बदलला. दोन आठवडे हातचे गेले.

मायकोप्लाझ्माकडे इथे दुर्लक्ष करून चालत नाही, कारण त्याची एन्झाइमं न्यूक्लिओसाइडसारखी औषधं मोडून टाकतात. चांगलं औषध निकामी वाटेल आणि पेशी मात्र सूक्ष्मदर्शकाखाली ठणठणीत दिसतील. आता दर महिन्याला पीसीआर.

६ फेब्रुवारी

ल्युमिनोमीटरवर, म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या यंत्रावर, पहिलं वाचन. पेशी नाहीत, रसायन नाही, निव्वळ कोरी पांढरी प्लेट, आणि आकडे हजारोंत. यंत्र बिघडलं म्हणून सर्व्हिसवाल्याला फोन करायच्या बेतात होतो, तेवढ्यात मॅडमनी तीच प्लेट यंत्रात दहा मिनिटं नुसती ठेवून परत वाचायला सांगितली. आकडे शंभराच्या आसपास उतरले.

पांढरं प्लॅस्टिक ट्यूबलाइटखाली राहिलं की नंतर काही मिनिटं स्वतःच मंद चमकत राहतं. डोळ्याला दिसत नाही, फोटोमल्टिप्लायरला (यंत्रातल्या प्रकाश टिपणाऱ्या भागाला) दिसतं. लॅमिनार हूडच्या दिव्याखालून थेट यंत्रात प्लेट घालणं म्हणजे हीच चमक मोजणं. तेव्हापासून प्रत्येक प्लेट वाचण्याआधी दहा मिनिटं अंधारात.

प्लेटबद्दलच अजून एक. तळ पारदर्शक असलेल्या पांढऱ्या प्लेट घेतल्या आहेत, कारण वाचण्याआधी पेशी जिवंत आहेत की नाही ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं असतं. पण पारदर्शक तळातून प्रकाश शेजारच्या वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) झिरपतो. वाचायच्या आधी तळाला पांढरी चिकटपट्टी लावली की झिरपणं बरंच कमी होतं. बाजारात यासाठी खास पट्टी मिळते आणि महाग आहे. आम्ही स्टेशनरीच्या दुकानातली पांढरी व्हिनाइल पट्टी लावतो, फरक आढळला नाही. प्लेट मात्र एकेक पाचशे रुपयांच्या घरात पडते, आणि पेशींची प्लेट धुऊन परत वापरायची टूम कुणी काढली तर ऐकू नका.

१३ फेब्रुवारी

रेप्लिकॉनच्या पेशींचा आकडा सुमारे दोन लाख. रेप्लिकॉन नसलेल्या पेशींचा अकरा हजार. हा दुसरा आकडा फार मोठा आहे. त्या पेशींत ल्युसिफरेजच नाही, मग प्रकाश येतो कुठून?

सीलेंटरॅझिनमधून. रेनिला ल्युसिफरेजचं हे इंधन एन्झाइम नसतानाही हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू जळतं आणि थोडा प्रकाश देतं. सीरममधलं अल्ब्युमिन जवळ असेल तर जास्तच. आम्ही मीडियम (पेशींचं खाद्यद्रव) अर्धवट काढून वरूनच लायसिस बफर (पेशी फोडणारं द्रव) घालत होतो. आता मीडियम पूर्ण काढून पीबीएसने (क्षारांच्या साध्या द्रावणाने) एकदा हळूच धुतो, मग लायसिस बफर. पार्श्वभूमी चारशेवर आली.

सीलेंटरॅझिनच्या साठ्याचंही तंत्र आहे. आम्ल मिसळलेल्या इथेनॉलमध्ये विरघळवा, छोटे भाग करा, उणे ८० अंशांना फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा. डीएमएसओमध्ये (संयुगं विरघळवायच्या नेहमीच्या द्रवात) साठवू नका, खराब होतं. पातळ केलेलं मिश्रण वापरायच्या वेळीच करायचं. दुपारच्या जेवणानंतर वापरलेलं सकाळचं मिश्रण निम्म्या ताकदीचं निघालं, आणि ते निम्मं होणं दुपारच्या प्लेटवर औषधाचा परिणाम म्हणून मिरवत होतं.

२७ फेब्रुवारी

एकाच लायसेटने (फोडलेल्या पेशींच्या द्रवाने) सगळी प्लेट भरली. आदर्शपणे ९६ वेल सारख्याच हव्यात. पहिल्या उभ्या ओळीपेक्षा बारावीचा आकडा दीडपट.

रेनिलाचा प्रकाश सुरुवातीला उसळतो आणि लगेच उतरायला लागतो. आमच्या यंत्राला स्वतः रसायन सोडणारा इंजेक्टर नाही (तो असलेलं यंत्र आमच्या बजेटच्या पलीकडचं होतं), त्यामुळे पिपेटने आधी सगळ्या प्लेटमध्ये रसायन टाकायचं आणि मग वाचायचं. पहिल्या ओळीचं रसायन वाचनापर्यंत शिळं होतं, शेवटच्या ओळीचं ताजं असतं. त्यात भर म्हणजे यंत्र आडव्या ओळींनी वाचत होतं आणि आम्ही आठ टोकांच्या पिपेटने उभ्या ओळी भरत होतो. दोघांचा क्रमच जुळत नव्हता.

मार्ग दोन. हळू उतरणारं, म्हणजे तासभर चमक टिकवणारं तयार रसायन घ्यायचं. हजार वेलला पाऊण लाखाच्या आसपास भाव आला. किंवा यंत्राच्या सेटिंगमध्ये वाचनाचा क्रम उभा करायचा आणि ज्या चालीने यंत्र वाचतं त्याच चालीने पिपेट चालवायचा. दुसरा फुकट आहे. श्रुतीने (एमएस्सीची मुलगी, हात अतिशय स्थिर) मोबाइलवर ताल लावून ओळ भरायला सुरुवात केली. पहिली आणि बारावी ओळ यांत आता आठ-नऊ टक्क्यांचा फरक राहतो. अंतिम मोजणीसाठी महागडं रसायन राखून ठेवलं आहे, चाळणी स्वस्तातल्यावरच.

फेस. लायसिस बफरमध्ये डिटर्जंट असतं, पिपेटचं शेवटचं टोक दाबलं की बुडबुडे येतात आणि त्या वेलचा आकडा वेडावाकडा होतो. दुसऱ्या थांब्यापर्यंत पिपेट दाबायचाच नाही.

१२ मार्च

झेड-प्राइम काढलं: ०.३१.

हा आकडा चाळणी चालवण्याजोगी आहे का ते सांगतो. औषध नसलेल्या आणि पूर्ण दाबलेल्या वेलच्या सरासरींत किती अंतर आहे आणि दोन्हीकडचे आकडे किती विखुरलेत, यांचं गुणोत्तर. १९९९ पासून सगळे हेच वापरतात. ०.५ च्या वर असेल तर पुढे जा. आमच्याकडे अंतर भरपूर होतं, विखुरण जास्त होतं, आणि ते सगळं प्लेटच्या कडेला. बाहेरच्या वेलमधलं पाणी ४८ तासांत उडतं, आणि गार प्लेट थेट ३७ अंशांत गेली की कडेच्या वेलमध्ये पेशी एका बाजूला गोळा होतात.

दोन बदल केले. पेशी घातल्यावर प्लेट तासभर बाहेरच सपाट ठेवायची, पेशी बसल्या की मग इन्क्युबेटर. आणि कडेच्या ३६ वेलमध्ये नुसतं पीबीएस. म्हणजे ९६ तले ६० च कामाचे. खर्च दीडपटीला गेला, मॅडमनी भुवया उंचावल्या, पण झेड-प्राइम ०.६२ झालं.

पूर्ण दाबण्यासाठी मायकोफिनॉलिक अॅसिड वापरलं. ते विषाणूवर नव्हे तर पेशीच्याच एका एन्झाइमवर चालतं, ग्वानोसिनचा साठा संपवतं, आणि आरएनएच्या प्रती थांबतात. स्वस्त आहे, सहज मिळतं. शिवाय त्याचा एक फायदा फार कमी लोक घेतात: त्याच वेलमध्ये वरून ग्वानोसिन घातलं की प्रकाश परत यायला हवा. आमच्याकडे नव्वद टक्क्यांपर्यंत परत आला. प्रकाश कोणत्या कारणाने गेला होता याची खात्री देणारं या चाचणीतलं ते पहिलं वाचन. थेट विषाणूच्या पॉलिमरेजवर (आरएनएच्या प्रती काढणाऱ्या एन्झाइमवर) चालणारं नियंत्रण हवं असेल तर एनआयटीडी-००८ आहे. प्राण्यांमध्ये ते विषारी ठरलं म्हणून औषध झालं नाही, पण प्लेटमधलं नियंत्रण म्हणून उत्तम.

२८ मार्च

डीएमएसओ. सगळी संयुगं त्यात विरघळवलेली. शेवटचं प्रमाण अर्ध्या टक्क्यावर ठेवलं. एक टक्क्याला हुह-७ पेशींचा आकडा पंधरा टक्क्यांनी पडत होता. प्रत्येक वेलमध्ये डीएमएसओ अगदी सारखं असलं पाहिजे, औषध नसलेल्या वेलमध्येसुद्धा.

शुद्ध डीएमएसओ साडेअठरा अंशांना गोठतं. फ्रीजमधून काढलेली नळी वरून वितळलेली आणि खाली गोठलेली असते, आणि संयुग कुठल्या भागात आहे ते देवाला ठाऊक. पूर्ण वितळवा, हलवा, फिरवा, मग पिपेट घाला.

१७ एप्रिल, गुरुवार

गुरुवार म्हणजे देखभालीसाठी वीज जाणारच. इन्क्युबेटर आणि फ्रीजर जनरेटरवर आहेत, एसी नाही. दुपारी खोली ३५ अंशांवर. कोऱ्या वेलचे आकडे तिप्पट, कारण फोटोमल्टिप्लायर तापला की अंधारातही मोजत राहतो. त्यातच रसायन फ्रीजमधून काढून अर्धवट गार असतानाच वापरलं गेलं, त्यामुळे खरे आकडे खाली. वरचे खाली, खालचे वर, प्लेट वाया.

यातून दोन नियम. गुरुवारी वाचन नाही. आणि कच्चा आकडा एका प्लेटवरून दुसऱ्या प्लेटशी कधीच ताडायचा नाही. प्रत्येक प्लेटवर तिची स्वतःची शून्य आणि शंभर टक्क्यांची वेल हवीत, टक्के त्याच प्लेटच्या आत काढायचे. कच्चे आकडे तरीही वहीत लिहायचे, त्याचा उपयोग पुढे (४ जुलै पाहा).

५ मे

पहिली चाळणी पूर्ण. ४० नमुने, १० मायक्रोमोलर किंवा अर्क असेल तर ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली, ४८ तास. निम्म्याहून जास्त प्रकाश घालवणारे नऊ निघाले. त्यात हळदीतलं कर्क्युमिन आहे, पपईच्या पानांचा अर्क आहे. खोलीत मोबाइल बाहेर निघाले. कुणी तरी शीर्षकसुद्धा सुचवलं. लॅबचे मामा म्हणाले, "आमची म्हातारी हेच सांगत होती."

मॅडमनी चहा संपवला आणि म्हणाल्या, "प्रकाश गेला एवढंच कळलंय. कशामुळे गेला ते बघा, मग शीर्षक."

पुढच्या दोन महिन्यांचं काम एवढंच होतं.

१२ मे

पहिला प्रश्न: पेशीच मेल्या का? मेलेल्या पेशीत रेप्लिकॉन चालत नाही, तेव्हा प्रकाश जाणारच.

पेशी मोजायची सोपी आणि प्रचलित पद्धत म्हणजे एटीपी (जिवंत पेशीतला ऊर्जेचा रेणू) मोजणारा किट. पण त्या किटचा प्रकाशही ल्युसिफरेजनेच येतो, काजव्याच्या. नमुना काजव्याच्या एन्झाइमला अडवत असेल तर जिवंत पेशी मेलेल्या दिसतील. मग एमटीटी (जिवंत पेशी ज्याला जांभळं करतात ते रसायन) घेतलं. वनस्पतींच्या अर्कांत तेही फसतं: पॉलिफिनॉल एमटीटीचं रसायन पेशींच्या मदतीशिवायच जांभळं करतात. पेशी नसलेल्या वेलमध्ये पपईचा अर्क आणि एमटीटी एकत्र केलं तर अर्ध्या तासात जांभळं झालं. म्हणजे इथे उलटं, मेलेल्या पेशी जिवंत दिसणार.

शेवटी सगळ्यात जुनाट मार्ग धरला. धुऊन घ्यायचं, पेशी फिक्स करायच्या, क्रिस्टल व्हायोलेटने रंगवायच्या, रंग विरघळवून मोजायचा. काही वेलमध्ये केंद्रकं मोजून पडताळा. डब्यातलं क्रिस्टल व्हायोलेट बहुतेक माझ्या जन्माच्या आधीचं आहे आणि अजून काम करतं.

या सगळ्यात एक खाचखळगा जवळजवळ सुटला होता. प्युरोमायसिन. पेशी सांभाळताना मीडियममध्ये ते असतं, कारण रेप्लिकॉन टिकवायला तेच भाग पाडतं. पण चाचणीच्या वेळी ते राहिलं तर? औषधाने रेप्लिकॉन दाबला की रोधाचं जनुक दाबलं जातं आणि प्युरोमायसिन पेशीला मारतं. म्हणजे उत्तम विषाणुरोधक औषध विषारी म्हणून बाद होईल. चाचणीच्या मीडियममध्ये प्युरोमायसिन अजिबात नको. हे पेशी पाठवणाऱ्यांच्या कागदावर एका ओळीत होतं. ती ओळ ठळक करून भिंतीवर लावली आहे.

नवांपैकी तीन नमुने पेशी मारणारे निघाले. सहा राहिले.

२२ मे

दुसरा प्रश्न: नमुना ल्युसिफरेजलाच अडवतो का, किंवा प्रकाशच गिळतो का?

चाचणी सोपी आहे आणि ही सगळ्यात आधी करायला हवी होती, कारण एका दुपारचं काम. औषध न दिलेल्या रेप्लिकॉन पेशींचं लायसेट घ्यायचं. त्यात नमुना थेट घालायचा, पाच मिनिटं थांबून सीलेंटरॅझिन घालायचं, वाचायचं. फोडलेल्या पेशीत पाच मिनिटांत विषाणूच्या प्रती कमी होण्याचा प्रश्नच येत नाही. तरीही प्रकाश पडला तर तो दोष मोजणीचा.

कर्क्युमिन: प्रकाश पस्तीस टक्क्यांवर. पिवळं संयुग आहे, निळा प्रकाश शोषतं, आणि रेनिलाचा प्रकाश ४८० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळाच. भिंगासमोर हळदीचा पडदा धरल्यासारखं. कर्क्युमिन मुळात अशा चाचण्यांत कुप्रसिद्ध आहे. सीरम नसलेल्या बफरमध्ये ते काही मिनिटांत मोडतं, अनेक प्रथिनांना चिकटतं, स्वतः प्रकाशतं, आणि २०१७ साली औषधी रसायनशास्त्रातल्या एका मोठ्या आढाव्याने यावर सविस्तर लिहिलेलं आहे. हळदीवर राग नाही. पण प्लेटमध्ये ती साक्षीदार म्हणून कामाची नाही.

पपईचा अर्क: गडद हिरवा-तपकिरी. इथेही प्रकाश पडला. पेशींच्या प्लेटवर वाचण्याआधी एकाऐवजी तीनदा धुतलं तर आकडा नव्वद टक्क्यांवर परत. म्हणजे वेलला चिकटून राहिलेला रंगच प्रकाश खात होता. डेंगीत पपईच्या पानांचा रस लोक प्लेटलेटसाठी घेतात. तो वेगळा प्रश्न आहे, आमच्या चाचणीला तो विचारताच येत नाही. एवढंच लिहिते की आमच्या प्लेटवर रेप्लिकॉन दाबल्याचं त्याने दाखवलं नाही.

आणखी एक फ्लेव्होनॉइड याच चाचणीत बाद. तीन राहिले.

४ जून

श्रुती शनिवार-रविवारी भंडारदऱ्याला काजवे बघून आली आणि विचारत होती की आपण काजव्याचं जनुक का नाही वापरत. वापरता येतं, बरेच जण वापरतात. १९८५ मध्ये ते जनुक क्लोन झालं तेव्हापासून ते सगळ्यात सरावाचं आहे. पण त्याच्या अभिक्रियेला एटीपी लागतं, आणि लहान, सपाट, गंधवलयी (अरोमॅटिक) रेणूंना ते फार लवकर बळी पडतं. रेस्व्हेराट्रॉल त्याला अडवतं हे जाहीर आहे. वनस्पतींच्या संयुगांची चाळणी करायची तर तो धोका रेनिलापेक्षा जास्त.

उलट्या दिशेचा धोका तिला सांगितला, तो इथेही लिहिते. काही रेणू काजव्याच्या ल्युसिफरेजला चिकटून पेशीत त्याचं आयुष्य वाढवतात. एन्झाइम साठत जातं, प्रकाश वाढतो. अटालुरेन हे औषध काजव्याच्या ल्युसिफरेजवरच्या चाळणीतून पुढे आलं. २००९ साली ऑल्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्या चाळणीतला वाढलेला प्रकाश औषधाच्या अपेक्षित कामाऐवजी एन्झाइमला चिकटण्यातून येऊ शकतो. त्यावरून बरीच वर्षं वाद चालला. अडवणाराच रेणू प्रकाश वाढवतो, हे तिला पटायला फळा लागला.

खोलसमुद्री कोळंबीपासून घडवलेलं नॅनोल्युक आहेच: १९ किलोडाल्टन, म्हणजे काजव्याच्या एक-तृतीयांशाहून लहान, प्रकाश कितीतरी जास्त. लहान असल्यामुळे विषाणूच्या जीनोममध्ये सहज मावतं आणि त्यातून गळून पडायची शक्यता कमी. पण त्याचा प्रकाश ४६० नॅनोमीटरचा. पिवळ्या अर्कांसाठी अजूनच वाईट.

१३ जून

तिसरा प्रश्न: आरएनए खरोखर कमी झाला का? प्रकाशाला बाजूला ठेवून आरटी-क्यूपीसीआर, म्हणजे आरएनए थेट मोजायची पद्धत. प्रायमर रेप्लिकॉनच्या एनएस-५ भागावर, तुलनेला पेशीचं एक नेहमीचं जनुक.

तिघांपैकी एकात प्रकाश वीस टक्क्यांवर आणि आरएनए ऐंशी टक्क्यांवर. सहा तासांनी पाहिलं तरी तेच: प्रकाश आधीच पडलेला, आरएनए जागच्या जागी. हा नमुना पेशीची प्रथिनं बनवण्याची क्रियाच मंदावत असणार. रेनिलाचं आयुष्य काही तासांचंच, नवं बनलं नाही की आकडा लगेच खाली. पडताळा म्हणून रेप्लिकॉनशिवाय नुसतं रेनिला बनवणाऱ्या पेशींवर तोच नमुना टाकला. तिथेही प्रकाश पडला. बाद. या नुसत्या रेनिलाच्या पेशी पहिल्या दिवसापासून हाताशी ठेवा, क्यूपीसीआरचे पैसे वाचतील.

२१ जून

पालख्या पुण्यात. क्यूपीसीआरचं मिश्रण कोरड्या बर्फात निघालं होतं, ते बंद रस्त्यांच्या पलीकडे अडकलं. मामा चालत जाऊन खोकं घेऊन आले, बर्फ संपत आला होता पण मिश्रण गोठलेलं. वारीच्या दिवसांत ऑर्डर द्यायची तर तारखा बघून द्या.

४ जुलै

शंभर टक्क्यांच्या वेलचा कच्चा आकडा वहीत महिनोन्महिने लिहिलेला होता, त्याचा आलेख काढला. फेब्रुवारीत दोन लाख, एप्रिलमध्ये दीड, आता ऐंशी हजार. टक्केवारीत हे कधी दिसलं नसतं. पेशी जुन्या झाल्या की रेप्लिकॉन कमजोर होतो किंवा बदलतो. आरएनए विषाणूच्या पॉलिमरेजला चुका दुरुस्त करता येत नाहीत, त्यामुळे प्रत्येक पिढीत नवे बदल येतात आणि आपल्याला सोयीचे तेच टिकतील असं नाही.

द्रवरूप नायट्रोजनमधली जानेवारीची व्हायल काढली. दहा दिवसांत आकडा परत पावणेदोन लाख. नियम: पेशी आल्या आल्या भरपूर व्हायल गोठवायच्या, आणि वीसेक पासेज (पेशी नव्या भांड्यात वाटून वाढवायच्या फेऱ्या) झाले की फेकून नवी काढायची, कितीही जीव लागला असला तरी.

उरलेल्या दोन नमुन्यांची चाचणी नव्या पेशींवर पुन्हा. एक टिकला. दुसऱ्याचा परिणाम फक्त थकलेल्या पेशींवर होता.

१८ जुलै

टिकलेल्या संयुगाचा मात्रेचा आलेख. तिपटीच्या पायरीने आठ मात्रा, महागड्या रसायनावर, तीन वेगवेगळ्या दिवशी. प्रकाश निम्मा करणारी मात्रा ६ मायक्रोमोलरच्या आसपास. आरएनए निम्मा करणारी ८. पेशी निम्म्या मारणारी ४१. म्हणजे सुरक्षित अंतर सातपटीहून कमी. प्रकाश आणि आरएनए एकाच सुरात आहेत याचं समाधान, पण अंतर फारच थोडं आहे. दहापटीच्या खाली कुणी फारसं बघत नाही. रसायनशास्त्र विभागाला सांगितलं की गाभा तोच ठेवून बाजूच्या साखळ्या बदलून द्या.

ग्वानोसिन घालून बघितलं, प्रकाश परत आला नाही. म्हणजे हे मायकोफिनॉलिक अॅसिडच्या वाटेने चालत नाही.

३१ जुलै

हिशेब. सगळ्यात जास्त पैसे प्लेट आणि प्रकाशाच्या रसायनावर गेले, अडीच लाखांच्या पुढे. त्यातला तिसरा हिस्सा तरी एप्रिलच्या आधीच्या, काहीही न सांगणाऱ्या प्लेटवर. क्यूपीसीआर लाखभर. क्रिस्टल व्हायोलेट शून्य.

पुन्हा सुरुवात करायची झाली तर क्रम असा ठेवेन: आधी लायसेटमध्ये पाच मिनिटांची चाचणी सगळ्या ४० नमुन्यांवर, मग नुसत्या रेनिलाच्या पेशी, मग क्रिस्टल व्हायोलेट, आणि त्यातून जे उरेल तेवढ्यासाठीच ४८ तासांची रेप्लिकॉन प्लेट. आम्ही नेमकं उलट्या टोकाने आलो.

संयुगाच्या दोन नळ्या जिवंत डेंगी हाताळणाऱ्या सहयोगी प्रयोगशाळेकडे प्लाक मोजणीसाठी (जिवंत विषाणू मोजायच्या चाचणीसाठी) गेल्या, नावाऐवजी आकडा टाकून. सोबत एक नळी मायकोफिनॉलिक अॅसिडची आणि एक नुसत्या डीएमएसओची, त्यांवरही आकडेच. कोणती कुठली ते फक्त मॅडमच्या वहीत. रसायनशास्त्र विभागाचे पाच नवे नमुने सोमवारी येणार आहेत. त्यांतले दोन पिवळे आहेत.